फोनवरून मालीश होत नाही, म्हणून काय झाले?

यंदा मंडळाच्या दिवाळीत जेवणाच्या रांगेत उभी होते. आमच्या वेस्ट व्हर्जिनियातल्या गावाहून तीन तास गाडी हाकून आम्ही दरवर्षी जातो. पुढे उभ्या असलेल्या एका डॉक्टर मित्रांनी वळून विचारले, "काय मग, सरकार बंद म्हणजे तुझी फोनवरची मालीशही बंद ना?" रांगेतले सगळे हसले. मीही हसले. हातात ताट होते, मागे माणसे होती आणि अळूवडी संपत आली होती.

परतीच्या वाटेवर मात्र ते हसू मला पचेना. मी फिजिओथेरपिस्ट आहे, महाराष्ट्रात शिकले, गेली सोळा वर्षे इथे डोंगरातल्या एका छोट्या क्लिनिकमध्ये काम करते. तेव्हा रांगेत जे बोलायचे राहिले ते इथे बोलते. भांडण त्या मित्रांशी नाही, त्यांच्या विनोदात दडलेल्या समजुतीशी आहे. ती समजूत अशी की, समोर बसवून, हात लावून केलेला उपचार तो खरा आणि पडद्यावरून किंवा फोनवरून दिलेला म्हणजे 'चालवून घेतलेला'. जुनाट कंबरदुखीच्या बाबतीत ही समजूत चुकीची आहे, आणि खेड्यात राहणाऱ्या माणसाच्या बाबतीत ती निर्दयही आहे.

आधी काय बंद पडले होते ते सांगते, कारण नोकरीच्या विम्यावर असलेल्या आपल्यापैकी बहुतेकांना ते कळलेही नाही. मेडिकेअर म्हणजे पासष्टीपुढच्यांचा सरकारी विमा. त्याच्या कायद्यात दूरस्थ उपचार कोणी द्यावेत याची एक यादी आहे. तीत डॉक्टर आहेत, नर्स प्रॅक्टिशनर आहेत, मानसोपचारवाले आहेत, आहारतज्ज्ञसुद्धा आहेत. फिजिओथेरपिस्ट नाहीत. शिवाय जुना नियम असा की, रुग्ण खेड्यातला हवा, पण स्वतःच्या घरात नको; त्याने आधी एखाद्या दवाखान्यापर्यंत जावे आणि तिथल्या पडद्यासमोर बसावे. ज्याला रस्ता झेपत नाही म्हणून ही सोय केली, त्यालाच रस्त्यावर काढायचे! हा नियम ज्याने लिहिला त्याची कंबर कधी धरली नसावी.

२०२० च्या एप्रिलअखेरीस, कोविडच्या धांदलीत, आम्हाला या दारातून आत घेतले. तेव्हापासून आम्ही 'तात्पुरते' आहोत. मुदत संपत येते, संसद काही महिने वाढवून देते, पुन्हा संपत येते. १ ऑक्टोबर २०२५ ला सरकार ठप्प झाले आणि मुदतही संपली. १२ नोव्हेंबरपर्यंत, ४३ दिवस, हे दार बंद होते. नंतर मागील तारखेपासून पैसे देण्याचे ठरले. पण मागील तारखेपासून व्यायाम करवून घेता येत नाही. तेव्हा नवी मुदत ३० जानेवारी २०२६ ठरली.

त्या ४३ दिवसांत माझ्या एका रुग्णाचे काय झाले ते सांगते. वय अडुसष्ट. एकतीस वर्षे लाकडाच्या ओंडक्यांचा ट्रक चालवला. राहतात आमच्या क्लिनिकपासून सव्वा तासावर, म्हणजे मैलांत फार नाही, पण रस्ता आपल्या आंबा घाटासारखा, आणि हिवाळ्यात त्यावर बर्फ. वेस्ट व्हर्जिनिया हे एकच राज्य पूर्णपणे अ‍ॅपलेशियन पट्ट्यात येते, डोंगर सोडून दुसरे काही नाही. शेजारची पोकाहॉन्टस काउंटी घ्या. सुमारे ९४० चौरस मैल आणि माणसे आठ हजारांहून कमी. आपल्याकडे एका मोठ्या गृहसंकुलात याहून जास्त माणसे राहतात.

तर हे गृहस्थ पहिल्यांदा आले तेव्हा गाडीतून उतरायलाच त्यांना पाच मिनिटे लागली. खिशात घडी करकरून फाटायला आलेला एमआरआयचा रिपोर्ट. कोणीतरी त्यांना सांगितले होते की तुमचा कणा झिजून भुगा होत चालला आहे. त्या दिवसापासून त्यांनी वाकणे सोडले होते. चुलीत लाकडे बायको घालत होती, तिला स्वतःला गुडघेदुखी.

मी त्यांना नीट तपासले. समोर बसवून, हात लावून. ते मी पहिल्या खेपेला करतेच आणि करायलाच हवे असे माझे मत आहे. पायातली ताकद, संवेदना, रिफ्लेक्स, सगळे ठीक. मग मी त्यांना एक गोष्ट सांगितली जी त्यांना कोणी सांगितली नव्हती. २०१५ साली एका संशोधनात कंबर अजिबात न दुखणाऱ्या हजारो माणसांचे स्कॅन एकत्र अभ्यासले गेले. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या चकत्यांमध्ये झीज होती आणि ऐंशीतल्या ९६ टक्क्यांच्या. यातल्या कोणालाही दुखत नव्हते. कणा झिजतो तसे केस पांढरे होतात, म्हटले. ते टोपी काढून हसले, डोक्यावर केसच नव्हते.

पुढच्या भेटी व्हिडिओवर ठरल्या, आणि खरा उपचार तिथे सुरू झाला. क्लिनिकमध्ये मला काय दिसते? एक माणूस टेबलावर. व्हिडिओवर मला त्यांचे घर दिसले. लाकडांची टोपली चुलीपासून सहा पावलांवर, जमिनीलगत. बसायला इतका खोल सोफा की त्यातून उठणे हाच एक व्यायाम. ओंडका उचलताना ते श्वास रोखून, दात आवळून, पाठ फळीसारखी ताठ करून उचलत. हे त्यांनी मला क्लिनिकमध्ये कधीच सांगितले नसते, कारण त्यांना ते ठाऊकच नव्हते. आम्ही टोपली स्टुलावर ठेवली. स्वयंपाकघरातल्या लाकडी खुर्चीतून हात न टेकता उठबस, आधी पाच वेळा, मग दहा. कपड्यांच्या साबणाची अर्धी भरलेली कॅन घेऊन कमरेतून वाकणे. फाटकाजवळच्या टपालपेटीपर्यंत चालणे, मग पुढच्या वळणापर्यंत. सप्टेंबरअखेर चुलीत लाकडे ते स्वतः घालू लागले होते. बायको मागे बसून सूचना देत होती, तेही मला दिसत होते.

मग १ ऑक्टोबर. आमच्या क्लिनिकने मेडिकेअरच्या रुग्णांचे व्हिडिओ थांबवले. पैसे मिळतील की नाही हे ठाऊक नसताना छोटे क्लिनिक दुसरे काय करणार, हे मला कळते, तरी राग यायचा तो आलाच. "क्लिनिकला या," असा निरोप गेला. ते एकदा आले. जायला सव्वा तास, यायला सव्वा तास, मध्ये पाऊण तास माझ्यासमोर. दुसऱ्या दिवशी कंबर अशी धरली की दोन दिवस पलंगावर. पुन्हा आले नाहीत. अडीच तास ट्रकच्या सीटवर बसवून कंबरदुखीचा उपचार करणे म्हणजे खोकल्याच्या रुग्णाला धुराच्या खोलीत बसवून औषध पाजणे.

आता त्या हाताच्या मुद्द्याकडे येते, कारण हे माझ्याच धंद्यातले लोक सर्वांत जोरात बोलतात. आपल्याकडे फिजिओथेरपी म्हणजे काय? 'दहा सिटिंग.' पडद्याआड पालथे झोपायचे, पाठीवर आयएफटीचे पॅड, वीस मिनिटे मुंग्या, मग अल्ट्रासाउंडचे गार जेल, मग ट्रॅक्शन, मग कंबरेचा पट्टा विकत घ्यायचा. मी स्वतः विद्यार्थिदशेत शेकडो पाठींवर ते पॅड लावले आहेत. रुग्ण खूश, दवाखाना खूश, मशीन विकणारा तर फारच खूश. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. पट्टा, ट्रॅक्शन, उपचाराचा अल्ट्रासाउंड, विजेचे पॅड यांपैकी काहीही नेहमीचा उपचार म्हणून देऊ नये, असे त्यांत म्हटले आहे. शिफारस आहे ती माणसाला त्याचे दुखणे समजावून सांगण्याची, आखून दिलेल्या व्यायामाची, मनाच्या बाजूने होणाऱ्या उपचारांची. मालीश आणि मणक्याची हाताने केलेली हालचाल यांनाही त्यांनी जागा दिली आहे, ते मी लपवणार नाही. हाताने बरे वाटते. माझ्याही हाताने वाटते. पण बरे वाटणे दोन-चार दिवस टिकते, आणि ओंडका दर संध्याकाळी उचलायचा असतो.

समजावणे, व्यायाम शिकवणे, भीती काढणे, पुढच्या आठवड्यात विचारपूस करणे. यातले काय फोनवरून होत नाही, ते मला कोणी सांगावे. ऑस्ट्रेलियात, जिथे अंतरे आपल्या कल्पनेपलीकडची आहेत, जुनाट गुडघेदुखीच्या जवळजवळ चारशे रुग्णांवर प्रयोग झाला. निम्म्यांना फिजिओथेरपिस्ट समोर भेटला, निम्म्यांना व्हिडिओवर. २०२४ साली 'लॅन्सेट'मध्ये निष्कर्ष आला की व्हिडिओवाले मागे पडले नाहीत. गुडघा म्हणजे कंबर नव्हे, मान्य. पण त्याच वर्षी त्याच नियतकालिकात कंबरेचाही एक प्रयोग आला. कंबरदुखीतून नुकत्याच बऱ्या झालेल्या ७०१ जणांपैकी काहींना फिजिओथेरपिस्टने फक्त चालायला लावले आणि दुखणे समजावले. त्यांचे दुखणे परतायला मध्यमान २०८ दिवस लागले, बाकीच्यांचे ११२ दिवसांत परतले. औषध काय, तर चालणे! यूटा राज्यात तर खेड्यापाड्यांतल्या सरकारी मदतीवरच्या दवाखान्यांतून पाठदुखीच्या रुग्णांना दूरस्थ फिजिओथेरपी देण्याचा मोठा प्रयोग उभा राहिला, इंग्रजीत आणि स्पॅनिशमध्ये. म्हणजे हे कोणा सोळा वर्षे डोंगरात राहून डोके फिरलेल्या बाईचे खूळ नाही.

कुठे चालत नाही, तेही सांगते. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिरपणा आला, पाय लुळा पडू लागला, ताप आणि वजन घटणे यांच्यासोबत पाठ दुखते आहे, तर फोन ठेवायचा आणि तातडीच्या विभागात जायचे. तोल जाऊन पडणाऱ्या एकट्या म्हातारीला मी पडद्यावर एका पायावर उभी करत नाही. या गोष्टी ओळखायला आम्ही शिकलेलो असतो, आणि पहिल्या दहा मिनिटांच्या बोलण्यात त्यांतल्या बऱ्याच विचारता येतात.

आणि आता ते, ज्यामुळे माझा आवाज चढतो.

१९९६ साली ऑक्सिकॉन्टिन बाजारात आले. कर्करोगाच्या वेदनेपुरते न ठेवता पाठदुखीसारख्या रोजच्या दुखण्यांसाठी ते डॉक्टरांच्या गळी उतरवले गेले. खाणीत, जंगलात, ट्रकवर पाठी मोडलेल्या या राज्याइतके चांगले गिऱ्हाईक कुठे मिळणार? 'चार्ल्सटन गॅझेट-मेल'च्या एरिक आयर यांनी आकडे खणून काढले आणि त्यांना २०१७ चे पुलित्झर मिळाले. सहा वर्षांत या राज्यात हायड्रोकोडोन आणि ऑक्सिकोडोनच्या ७८ कोटी गोळ्या आल्या. राज्याची लोकसंख्या तेव्हा अठरा लाखांच्या आसपास. कर्मिट नावाच्या सुमारे चारशे वस्तीच्या गावातल्या एकाच औषधाच्या दुकानात दोन वर्षांत जवळजवळ ९० लाख गोळ्या पोचल्या. त्या गोळ्यांना घाट आडवा आला नाही. बर्फ आडवे आले नाही. हा उपचार प्रत्यक्ष भेटीतून दिला जातो आहे का, याची चिंता कोणत्याही समितीला वाटली नाही. चारशे माणसांच्या गावात नव्वद लाख गोळ्या बिनबोभाट गेल्या, आणि तिथल्याच माणसाला खुर्चीतून उठायला शिकवायचे तर कायद्याच्या यादीत माझे नाव नाही.

बरे, त्या गोळ्यांनी काम तरी केले का? २०१८ साली 'जामा'मध्ये आलेल्या अभ्यासात २४० निवृत्त सैनिकांना, ज्यांची कंबर किंवा गुडघे-खुबे जुनाट दुखत होते, वर्षभर पाहिले. अफूजन्य गोळ्या घेणाऱ्यांची हालचाल साध्या वेदनाशामकांवर असलेल्यांपेक्षा सुधारली नाही. माझ्या रुग्णांच्या घरी भिंतीवर फोटो असतात, मुलांचे, पुतण्यांचे. व्हिडिओवर ते मागे दिसतात. मी विचारत नाही. तेच कधीतरी सांगतात.

इंटरनेट नाही, हा दुसरा आक्षेप. खरा आहे, आणि विनोद म्हणजे तो बहुधा इंटरनेट भरपूर असलेले लोक घेतात. आमच्या पूर्वेला ग्रीन बँकची मोठी रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिच्यासाठी १९५८ पासून सुमारे तेरा हजार चौरस मैलांचा शांत पट्टा राखलेला आहे. दुर्बिणीच्या अगदी जवळ तर वायफायवरही बंधने. आकाशातले ऐकू यावे म्हणून जमिनीवरच्यांनी गप्प बसायचे! बाकी डोंगरांत बंधने नसून तारा नाहीत. गरिबांना इंटरनेटच्या बिलात महिना तीस डॉलरची सवलत देणारी केंद्राची योजना होती, दोन कोटी तीस लाखांच्या आसपास कुटुंबे तिचा लाभ घेत होती. जून २०२४ मध्ये पैसे संपले म्हणून ती बंद झाली. २०२१ च्या कायद्याने तारा टाकायला ४२ अब्ज डॉलरहून जास्त मंजूर केले, आणि माझ्या कित्येक रुग्णांच्या दारात अजून ती तार आलेली नाही. तेव्हा इंटरनेट नाही म्हणून दूरस्थ उपचार नको, असे म्हणणाऱ्याने तार मागावी, उपचार नाकारू नये. आणि तार येईपर्यंत साधा फोन आहेच. मी नुसत्या आवाजावरही काम केले आहे. "उठताना धाप लागते का ते मला ऐकू द्या," म्हणायचे आणि ऐकायचे.

दुसऱ्या टोकाचे लोकही मला तितकेच खटकतात, आणि ते आपल्याच मंडळात जास्त आहेत. हे अ‍ॅपवाले. फोनचा कॅमेरा तुमचे सांधे मोजतो, आवाज 'शाब्बास' म्हणतो, आणि मोठ्या कंपन्या ते आपल्या कर्मचाऱ्यांसाठी घाऊक विकत घेतात. ज्याला नोकरी आहे, नवा फोन आहे, वेगवान इंटरनेट आहे आणि ज्याच्या घरापासून दहा मिनिटांवर क्लिनिकही आहे, त्याला ते मिळते. माझ्या ट्रकवाल्याला मिळत नाही, आणि मिळाले तरी टोपली स्टुलावर ठेवा, हे त्या अ‍ॅपला सुचले नसते. मी ज्याची बाजू मांडते आहे त्यात दुसऱ्या टोकाला माणूस आहे, ज्याला नाव ठाऊक आहे, बायकोच्या गुडघ्यांची खबर आहे. दूरस्थ म्हणजे निर्मनुष्य नव्हे. हे दोन्ही एकच आहेत असे भासवून पैसे कमावणारे आणि तसेच भासवून आम्हाला हसणारे, दोघेही माझ्या रुग्णांचे सारखेच नुकसान करतात.

'आपल्या' लोकांचा याच्याशी संबंध काय, असे वाटेल. माझा पहिला दूरस्थ रुग्ण कोविडच्या आधीचा आहे. संगमेश्वर तालुक्यातली माझी आई. आयुष्यभर गुडघाभर चिखलात वाकून भाताची लावणी केलेली बाई. एका वर्षी कंबरेत कळ आली. जवळच्या शहरातल्या डॉक्टरांनी फोटो काढला, "गॅप आहे" म्हणाले, आणि सांगितले की वाकायचे नाही, कळशी उचलायची नाही, पूर्ण विश्रांती. आईने आज्ञा पाळली. तीन महिन्यांत तिला पडवीच्या दोन पायऱ्या चढवेनात. मी इथून रोज सकाळी, तिची संध्याकाळ, व्हॉट्सअ‍ॅपवर. फोन शेजारचा मुलगा धरायचा, अर्धा वेळ मला कौलेच दिसायची. आधी पायरीवर एक पाय, मग उंबऱ्यावर हात टेकून उठबस, मग रिकामी कळशी, मग पाव भरलेली. "अगं, एवढं शिकलीस आणि मला कळशी उचलायला शिकवतेस?" ती म्हणायची. त्या पावसाळ्यात ती लावणीला गेली नाही, पण बांधावर उभी राहून इतरांच्या चुका काढण्याइतकी बरी झाली.

आपल्यातले किती जण हेच करतात! आईची शुगर, बाबांचा बीपी, सासूबाईंच्या पाठीचा फोटो, सगळे व्हिडिओवर पाहतो, इथून औषध बदलायला सांगतो, आणि त्यात आपल्याला काही कमी वाटत नाही. स्वतःच्या आईसाठी पुरेसा असलेला पडदा इथल्या लाकूडतोड्यासाठी मात्र हसण्याचा विषय होतो.

त्या डॉक्टर मित्रांना हे कळायला हवे होते, कारण त्यांचीही सुरुवात इथलीच. व्हिसाची सूट मिळवण्यासाठी परदेशी डॉक्टरांना डॉक्टर नसलेल्या भागात तीन वर्षे काम करावे लागते, तशी तीन वर्षे त्यांनी याच डोंगरात काढली. मग शहराकडे गेले. त्यात चूक नाही, मुलांच्या शाळा असतात, मीही दोनदा बॅगा भरल्या होत्या. पण ज्या घाटातून तेव्हा रुग्ण त्यांच्याकडे यायचे, तो घाट अजून तेवढाच लांब आहे.

नोव्हेंबरात दार उघडले तेव्हा मी ट्रकवाल्या काकांना फोन केला. टोपली पुन्हा जमिनीवर गेली होती. स्टूल बायकोने झाडाच्या कुंडीला दिले होते. आम्ही पाच उठबशांपासून पुन्हा सुरुवात केली. या आठवड्यात सातवर आलो आहोत. पुढच्या भेटी लावताना रिसेप्शनवरच्या मुलीने जानेवारीच्या तारखा शाईने लिहिल्या आणि ४ फेब्रुवारीची पेन्सिलीने.